पुण्यात उघड्यावर टोमॅटो येतात का? येतात, पण मार्चमध्ये लावून नाही

ताई, तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सिंहगड रोडला रो-हाऊस, मागच्या बाजूला साधारण पंधरा बाय आठ फुटांची मोकळी जागा, मार्चअखेर नर्सरीतून टोमॅटोची रोपं आणून लावली, झाडं खांद्याला लागली, फुलं ढीगभर आली आणि गळून गेली, जी चार-पाच फळं धरली तीही लाल न होता पिवळट-नारिंगीच राहिली. आता इंग्लंडमधली नणंद म्हणतेय की ग्रीनहाऊसशिवाय टोमॅटो होतच नाहीत आणि तुम्ही ऑनलाइन ते झिपवालं प्लास्टिकचं छोटं ग्रीनहाऊस बघून ठेवलंय, ते घ्यावं का असं विचारताय.

नका घेऊ. नणंदबाईंचं त्यांच्या जागी बरोबर आहे, तिकडे उन्हाळाच तीन-चार महिन्यांचा, रात्री गारठा, त्यात पाऊस कधीही, म्हणून काचेच्या घरात ऊब साठवून ठेवायची. आपल्याकडे ऊब जास्त आहे हाच तर त्रास आहे, ती आणखी कोंडून काय मिळणार? त्या झिपवाल्या तंबूत बाहेर ३४ असलं तरी आत चाळीसच्या वर सहज जातं. मावळात, तळेगावच्या बाजूला पॉलीहाऊसं भरपूर आहेत पण ती गुलाब-जरबेराची. टोमॅटोचं म्हणाल तर आपल्या जिल्ह्याचं मोठं मार्केट नारायणगावला, आणि तिथे क्रेटमधून येणारा माल जवळपास सगळा उघड्या रानातला, तार-काठीवर बांधलेला असतो. माझं घर त्याच पट्ट्यातलं, टोमॅटोची बांधणी करतच मोठा झालो आणि आता पुण्यात लोकांच्या गच्च्या आणि परसबागा करून देतो, त्यामुळे रानातलं आणि शहरातलं दोन्ही थोडं थोडं माहिती आहे.

तुमचा खरा प्रश्न ग्रीनहाऊसचा नाहीचे. फुलं कुठल्या महिन्यात उमलतात, त्याचा आहे.

टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागांवर फळ धरतं, त्याला शेजारी दुसरं झाड लागत नाही, मधमाशी आलीच पाहिजे असंही नाही, वाऱ्याने फूल हललं तरी काम होतं. (बंद ग्रीनहाऊसात वारा नसतो म्हणून युरोपात १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून खास पाळलेले बम्बलबी (केसाळ, भुंग्यासारख्या माशा) आत सोडतात, आपल्याला उघड्यावर तो खर्चच नाही. भुंगे येतात, निळ्या पट्ट्यांच्या माशा येतात, फुलाला लटकून गुंईं करतात आणि पराग झडतो.) पण तो पराग जिवंत तर पाहिजे. दुपारी पारा ३५ च्या पुढे आणि रात्रीही २२-२३ च्या खाली उतरेना की पराग निकामी होतो, फूल दिसायला ठणठणीत पण आत दम नाही. पुण्यात एप्रिल-मेमध्ये दुपारी ३७-३८, मधेच चाळीस, आणि मे महिन्यात रात्रीही साधारण २२-२३ असतं. त्यात तुमच्यासारखी तीन बाजूंनी भिंतींनी वेढलेली जागा असेल तर दिवसभर तापलेलं सिमेंट रात्री अकरापर्यंत उष्णता सोडत बसतं. मार्चअखेर लावलेल्या रोपाला फुलं येणार एप्रिलअखेर. म्हणजे नेमकी सगळ्यात वाईट वेळ.

पुढच्या वेळी एखादं फूल अगदी जवळून बघा. देठ सरळसोट नसतो, मधे एक गाठ असते, बोटाच्या पेरासारखी. फळ धरणार नसेल तर त्या गाठीच्या पुढचा भाग आधी पिवळा पडतो, मागचा हिरवाच राहतो, आणि मग नुसता हात लागला तरी फूल नेमकं गाठीतून सुटून पडतं. उलट धरलं असेल तर पाकळ्या वाळून तपकिरी होतात पण तिथेच चिकटून राहतात, आत मोहरीएवढी हिरवी गोळी दिसते आणि देठ जाड व्हायला लागतो. हे एकदा बघायला शिकलात की पुढे फळ येणार का नाही हे दोन दिवस आधीच कळतं, उगाच खत-औषधं ओतली जात नाहीत.

आणि पिवळी राहिलेली फळं, तो रोग नव्हता. लाल रंग म्हणजे लायकोपिन, ते बनायला साधारण २० ते २५ अंश लागतात, सतत तीस-बत्तीसच्या वर राहिलं की ते बनणं थांबतं पण पिवळा-नारिंगी कॅरोटिन बनतच राहतो, म्हणून फळ मधल्याच रंगावर अडकतं. तीच फळं थोडी रंग पकडल्याबरोबर तोडून घरात सावलीला ठेवली असती तर बऱ्यापैकी लाल झाली असती.

आता इथे कोणीतरी म्हणेलच की मग नारायणगावला मे-जूनमध्ये टोमॅटो येतो तो कुठून? बरोबर आहे, उन्हाळी लागवड होते. पण ती करणाऱ्याकडे उष्णता सोसणारे संकरित वाण असतात, ड्रिप असतं, मल्चिंग पेपर असतो, कडेने मका लावलेला असतो आणि फवारणीचं ठरलेलं वेळापत्रक असतं, शिवाय रात्री उघड्या रानात शहरापेक्षा गारवा लवकर येतो. एवढं करूनही उन्हाळी प्लॉट व्हायरसने जातात. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किलोला शंभरीच्या पार गेला तेव्हा ज्यांचे प्लॉट शाबूत होते त्यांनी पैसे केले, पण भाव मिळाला तो बाजारात मालच कमी होता म्हणून. घरच्या सहा झाडांसाठी तो जुगार कशाला खेळायचा? आणि घरी फवारणी करायची नाही म्हणून तर आपण घरी लावतो.

तर मग उलटं मोजू. बी पेरल्यापासून रोप लावणीला यायला २५ ते ३० दिवस. लावणीपासून पहिली फुलं साधारण महिनाभरात. फळ धरल्यापासून पिकेपर्यंत ४० ते ५० दिवस, थंडीत थोडे जास्तच. पुण्यातला पाऊस खऱ्या अर्थाने आटोपतो ऑक्टोबरच्या मध्याला आणि त्याच सुमाराला रात्री २० च्या खाली जायला लागतात, नोव्हेंबरात पंधराच्या आसपास येतात. म्हणजे फुलांचा भर नोव्हेंबरात पाहिजे, लावणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा, आणि बी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा मध्य. सणांच्या हिशोबाने सांगायचं तर गणपतीत बी टाका, नवरात्रात रोपं लावा, दिवाळीत फुलं दिसतील, संक्रांतीला तोडा भरात असेल. अधिक महिना आला की सण पुढे सरकतात त्यामुळे त्या वर्षी तारखांवर जा, सणांवर नको. दुसरी बॅच नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लावली तरी चालते, ती फेब्रुवारी-मार्चमध्ये खायला मिळते. डिसेंबर उलटल्यावर मात्र माझ्याकडच्या लोकांना मी टोमॅटो लावूच देत नाही, त्यापेक्षा भेंडी-गवारीची तयारी करा, त्यांना ऊन मानवतं.

पावसाळी लागवड होते का? होते, पण ती तुम्ही कुठे राहता त्यावर आहे. हडपसर, वाघोली, लोणीकडे पाऊस बेताचा, तिथे जूनमध्ये बी टाकून लोक टोमॅटो घेतात. वारजे, बावधन, सिंहगड रोड या बाजूला डोंगर जवळ, रिपरिप जास्त, पानं दिवसेंदिवस ओली राहतात आणि करपा, म्हणजे पानं जाळणारा बुरशीचा रोग, झाड खाऊन टाकतो. थंडीचंही तसंच. पेपरात पाषाण आणि मगरपट्ट्याचं किमान तापमान शेजारी शेजारी छापून येतं, हिवाळ्यात कधी कधी चार-पाच अंशांचा फरक असतो. पाषाणला जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की तिथली फळधारणा आठवडाभर थबकते, मगरपट्ट्यात त्याच आठवड्यात फुलं मजेत धरतात. म्हणून माझ्या तारखा दगडावरची रेघ समजू नका, आठ-दहा दिवस इकडे-तिकडे तुमचं तुम्हाला ठरवावं लागेल.

इथपर्यंतचं थोडक्यात: तुमच्या झाडांना रोग नव्हता, वेळ चुकीची होती, आणि प्लास्टिकच्या तंबूने ती आणखी बिघडली असती.

आता जागेचं. टोमॅटोला सहा तास तरी थेट ऊन पाहिजे आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो हे लोक विसरतात. जूनमध्ये जिथे छान ऊन दिसतं तिथे डिसेंबरात समोरच्या बिल्डिंगची सावली पडलेली असते. तुमच्या जागेच्या दक्षिणेला काय आहे ते बघा, भिंत असेल तर तिच्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं उत्तरेच्या कडेला वाफा करा. हिरवी शेडनेट घातली असेल तर हिवाळ्यात काढून ठेवा, पन्नास टक्क्यांच्या नेटखाली झाड नुसतं लांबतं, फळ देत नाही.

माती. रो-हाऊसच्या मागे बहुतेक वेळा मुरूम आणि बिल्डरने पुरलेला राडारोडा असतो, वीट, प्लास्टरचे तुकडे, सिमेंट. हातभर खणून बघा. असं काही निघालं तर ते उपसत बसू नका, वरच गादीवाफा करा, फूटभर उंच, तीन फूट रुंद. निम्मी चांगली पोयटा माती, निम्म्यात कुजलेलं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट आणि सुका पालापाचोळा, वर दोन-चार ओंजळी निंबोळी पेंड. कुजलेलं म्हणजे ज्याला शेणाचा वास येत नाही ते, ओलं शेण घातलंत तर हुमणी येते आणि मुळं खाते. गादीवाफ्याचा दुसरा फायदा परतीच्या पावसात कळतो. २०१९ मध्ये सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आंबिल ओढ्याने काय केलं ते आपल्या भागातल्या लोकांना सांगायला नको, तेवढा नाही पण तासाभरात वाफा तुंबेल असा पाऊस तर नवरात्रात दरवर्षी एखादा होतोच, आणि टोमॅटोची मुळं पाण्यात राहिली की झाड वरून सुकल्यासारखं मान टाकतं. मागे त्याच जागेत वांगी, मिरची, बटाटा लावला असेल तर जागा बदला, ही सगळी एकाच कुळातली, रोग पण एकच.

गच्चीवाल्यांसाठी एवढंच की कुंडी वीस लिटरच्या खाली नको. रंगाची रिकामी बादली चालते, बुडाला आणि कडेला भोकं पाडा आणि विटांवर उचलून ठेवा म्हणजे स्लॅबचा चटका मुळांना बसत नाही.

वाण कुठलं, हे सगळे विचारतात. बाजारातला टोमॅटो पिळून बी काढू नका, तो संकरित असतो, त्याच्या पोटी काय निघेल सांगता येत नाही. हौसेला गावठी लावा, चपटे, रेषावाले, आंबट, सारासाठी त्याला तोड नाही, पण रोगाला नाजूक. पुसा रुबी जुनं आणि सरळ वाण आहे, त्याचं बी पुढच्या वर्षी धरून ठेवता येतं. राहुरीच्या विद्यापीठाचं फुले राजा आहे. मला विचाराल तर पहिल्या वर्षी बंगळुरूच्या आयआयएचआर या सरकारी फलोत्पादन संशोधन संस्थेचं अर्का रक्षक घ्या, पर्णगुच्छ व्हायरस (पानं आखडवणारा, त्याबद्दल खाली सांगतो), जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा अशा तिन्हीला बऱ्यापैकी दाद न देणारं आहे, बी ऑनलाइन मागवता येतं. ते संकरित आहे त्यामुळे बी धरायचं नाही, दरवर्षी नवीन आणायचं. आणि सोबत चेरी टोमॅटोची दोन झाडं लावाच, घरात मुलं असतील तर ती स्वयंपाकघरापर्यंत पोचतच नाहीत, आणि उन्हाळा लागल्यावर मोठी फळं धरायची बंद झाली तरी चेरीवाली जरा जास्त तग धरतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जिथे पुण्यातले बहुतेक टोमॅटो मरतात. पांढरी माशी. पानाखाली असते, झाड हलवलं की पीठ उडाल्यासारखी उडते. ती रस पिते त्याचं काही विशेष नाही, पण ती पर्णगुच्छ व्हायरस आणते, आमच्याकडे त्याला चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतात. रोप लहान असताना तो लागला तर त्या झाडाला फळ येत नाही, विषय संपला, कुठल्याही औषधाने व्हायरस बरा होत नाही, दुकानदार काहीही सांगू दे. म्हणून पहिले २५-३० दिवस, म्हणजे पेरल्यापासून लावणीपर्यंत, रोपं बारीक नायलॉन जाळीखाली ठेवायची. मच्छरदाणीचं कापड चाळीस मेशच्या पुढचं, म्हणजे इंचाला चाळीसहून जास्त भोकांचं घ्या, साधी खिडकीची जाळी माशीला पुरत नाही, ती आरामात आत जाते. क्रेट उलटा करून त्यावर कापड ओढलं आणि कडा मातीत दाबल्या की झालं, ग्रीनहाऊसचे पैसे वाचले ते इथे घाला, पन्नास-शंभर रुपयांचं काम आहे.

नर्सरीतून रोप आणणार असाल तर सोलापूर रोडला मांजरी ते उरुळी कांचनपर्यंत नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत, पण रोप उचलायच्या आधी पान उलटं करून बघा आणि शेंडा बघा. शेंड्याची पानं बारीक, कडा पिवळट आणि वाटीसारखी वर वळलेली असतील तर फुकट दिलं तरी घेऊ नका. फुलं आलेलं रोपही नको, पिशवीतच म्हातारं झालेलं असतं. लोकांना फुलंवालं रोप बघून आनंद होतो आणि नर्सरीवाल्याला ते बरोबर माहिती असतं.

एक गोंधळ नेहमी होतो तो इथेच मिटवतो. खालची जुनी पानं गुंडाळून नळीसारखी झाली पण शेंडा ताजा, हिरवागार आहे, तर तो व्हायरस नाही, ऊन-वारा-पाणी यांचा ताण आहे, झाड व्यवस्थित फळ देतं. शेंडाच आखडला, पानं बोटभर लहान आणि झाड झुडपासारखं गच्च झालं, तर तो व्हायरस. ते झाड उपटून पिशवीत भरून कचऱ्यात, कंपोस्टमध्येही नको. हळहळत ठेवलंत तर बाकीच्या पाच झाडांना तोच प्रसाद मिळेल.

लावणी संध्याकाळी करा. रोपाची खालची पानं काढून खोड जितकं मातीत गाडता येईल तितकं गाडा, टोमॅटोच्या खोडाला जमिनीत मुळं फुटतात आणि झाड दणकट होतं (हे मिरचीला करू नका). दोन झाडांत दोन फूट ठेवा. तुमच्या जागेत मोह होईल वीस रोपं लावायचा, आठ लावा. वाफ्याच्या दोन टोकांना आणि मधे झेंडू लावा, फळ पोखरणाऱ्या अळीची मादी झेंडूच्या फुलांवर अंडी घालायला जाते, शिवाय आफ्रिकन झेंडूच्या मुळांनी सूत्रकृमी, म्हणजे मातीतले मुळांना लागणारे बारीक कृमी, तेही कमी होतात. झेंडू टोमॅटोच्या दोनेक आठवडे आधी पेरला तर दोघांची फुलं एका वेळी येतात, नाहीतर काही उपयोग नाही, नुसती शोभा.

काठ्या लावणीच्या दिवशीच रोवा, नंतर रोवल्या की मुळं तुटतात. सुतळीने आठचा आकडा करून सैल बांधा. उंच वाढणाऱ्या जातीच्या बगलफुटी, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातून फुटणारे कोंब, बोटभर असताना चिमटीने काढा, एक किंवा दोन खोडंच ठेवा. बुटक्या, झुडपी जातीच्या काढू नका, फळच त्यांच्यावर येतं. आणि यूट्यूब बघून सगळी पानं ओरबाडू नका, आपल्या उन्हात उघड्या पडलेल्या फळाला पांढरा डाग पडतो, तो भाग उन्हाने उकडलेला असतो. जमिनीला टेकणारी पानं तेवढी काढा.

पाण्यावर थोडं थांबतो कारण सगळ्यात जास्त फोन मला याचे येतात. फळाचं बूड काळं पडतं, कातडीसारखं चपटं होतं, आणि लोक म्हणतात कॅल्शियम कमी, मग अंड्याची टरफलं कुटून घालतात. अहो, आपल्या मातीत चुनखडी आधीच आहे, कॅल्शियम जमिनीत असतं, फळापर्यंत पोचत नाही. ते मुळातून पाण्याबरोबरच वर चढतं, तीन दिवस कोरडं आणि चौथ्या दिवशी पाट सोडल्यासारखं पाणी असं केलं की वाढत्या फळाच्या टोकाला ते मिळत नाही आणि टोक मरतं. टरफलं कुजायला महिनोन्महिने लागतात, तोवर सीझन संपतो. उपाय एकच, पाणी थोडं आणि नियमित, आणि मातीवर चार बोटं आच्छादन, उसाचं पाचट मिळालं तर उत्तम, नाहीतर सुका पाला. पिकायला आलेलं फळ तडकतं तेही याच कारणाने, कोरड्यावर एकदम भरपूर पाणी. वाफ्यात हिवाळ्यात दोन-तीन दिवसांआड पाणी पुरतं पण बोट घालून बघून द्या, घड्याळ बघून नको, कुंडीला रोज लागेल. सकाळी द्या, बुडाशी द्या, पाइपने झाडाला आंघोळ घालू नका. बोअरचं पाणी असेल तर नवीन पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात, ते लोह मिळत नसल्याचं लक्षण, शक्य असेल तर आलटून पालटून कॉर्पोरेशनचं पाणी द्या.

खताचं उलट आहे, लोक कमी नाही, जास्त घालतात. दर आठवड्याला शेणस्लरी, जीवामृत, वरून युरियाची चिमूट, आणि मग झाड माजतं, हिरवंगार, जाडजूड, फुलं नाहीत. लावताना चांगलं कंपोस्ट घातलं असेल तर पहिली फळं सुपारीएवढी होईपर्यंत काही देऊ नका. त्यानंतर पंधरा दिवसांनी एकदा मूठभर गांडूळखत आणि ज्यांना रासायनिक चालतं त्यांनी शून्य-शून्य-पन्नास (पाण्यात विरघळणारं पोटॅशचं खत) लिटरला दोन-तीन ग्रॅम बुडाशी. केळीच्या सालींचं पाणी वगैरे हौस म्हणून घाला, त्यावर विसंबू नका.

रोग-किडीचं थोडक्यात. खालच्या पानांवर तपकिरी ठिपके, ठिपक्यात गोल गोल वलयं, तो लवकर येणारा करपा, पानं काढून टाका, हवा खेळती ठेवा, जास्त असेल तर एक टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण). ढगाळ, धुक्याची हवा दोन-तीन दिवस टिकली आणि पानांवर पाण्याने भिजल्यासारखे काळपट चट्टे आले तर उशिरा येणारा करपा, तो फार वेगाने पसरतो, वाट बघू नका, त्याच दिवशी पानं काढा आणि फवारा. पानात नागमोडी पांढरी रेघ म्हणजे नागअळी, थोडी असेल तर दुर्लक्ष करा. रेघेऐवजी रुंद पारदर्शक फोड आणि फळाला टाचणीएवढी भोकं असतील तर ती टूटा, ही बाहेरून आलेली कीड आहे, भारतात तिची नोंद झाली २०१४ मध्ये आणि तीही आपल्या पुण्याच्याच परिसरात. तशी पानं-फळं गोळा करून नष्ट करा. बाकी दहा दिवसांनी निंबोळी तेल, लिटरला पाच मिली, त्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब, संध्याकाळी, पानांच्या खालून. वरून फवारलं तर माशी खाली बसून हसते. पिवळे चिकट सापळे दोन लावा, माशी किती आहे ते त्यावरून कळतं, ती संपत मात्र नाही.

तोडणी बुडाला गुलाबी झाक आल्याबरोबर करा, पूर्ण लाल व्हायची वाट बघितलीत तर बुलबुल आधी येतात आणि प्रत्येक फळाला एकच चोच मारून पुढे जातात. झाक आलेलं फळ घरात टोपलीत तीन-चार दिवसांत पिकतं, त्याला ऊन लागत नाही आणि चवीत मला तरी काही फरक जाणवत नाही. फ्रिजमध्ये नका ठेवू.

सध्या जून आहे म्हणजे तुमच्याकडे अजून दोन-अडीच महिने आहेत. जुनी झाडं उपटा, त्यांच्यावर माशी पोसली जातेय. जागेत तागाचं किंवा चवळीचं बी विखरून पेरा, ऑगस्टमध्ये फुलावर यायच्या आत कापून तिथेच मातीत मिसळा, गादीवाफ्याचं निम्मं काम होईल. आणि मला दोन गोष्टी कळवा: मागच्या जागेच्या दक्षिणेला भिंत आहे का आणि किती उंच, आणि झाडांना पाणी बोअरचं देता का कॉर्पोरेशनचं. त्यावरून वाफा कुठल्या कडेला घ्यायचा आणि आठ झाडं बसतील का सहाच, ते सांगतो.